अवघड विज्ञान कादंबरीची पटकथा कशी करावी: कोकण किनाऱ्यावरच्या चित्रपटकर्त्यांसाठी

विज्ञान कादंबरी पडद्यावर आणणे महाग पडते म्हणूनच ते अवघड असते, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे, आणि त्यामुळे अशा प्रकल्पाची पहिली बैठक बहुधा खर्चाच्या अंदाजातच संपते. खर्चाचा प्रश्न खरा आहे. परंतु त्याच्याही आधी येणारा आणि पैशाने न सुटणारा प्रश्न वेगळा आहे. कादंबरीकाराला थांबून समजावून सांगण्याची सोय असते. कथानक बाजूला ठेवून तो चार पाने ग्रहगतीवर खर्च करू शकतो, आणि एखादी कल्पना डोक्यावरून गेली तर वाचक मागची पाने पुन्हा चाळील हे त्याने गृहीत धरलेले असते. चित्रपटगृहातल्या प्रेक्षकाला मागे जाता येत नाही, आणि पडद्यावर कोणी चार मिनिटे व्याख्यान देऊ लागले तर तो खिशातला मोबाइल काढतो. म्हणून रूपांतर करणाऱ्याने सर्वांत आधी दोन गोष्टी साधायच्या असतात: कादंबरीतल्या कल्पित जगाचा कोणता नियम कळल्यावाचून कथा उभीच राहणार नाही हे ठरवायचे, आणि तो नियम माणसांच्या रोजच्या कामात असा बसवायचा की समजावून सांगण्याची वेळच येऊ नये.

पुढील विवेचन रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांतल्या अशा मंडळींना डोळ्यांसमोर ठेवून केले आहे, ज्यांनी एकांकिका आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने रंगमंच पाहिला आहे आणि ज्यांना आता खाडी, सडा (जांभ्या दगडाचे पठार) व किल्ले हाताशी असताना पूर्ण लांबीचा चित्रपट करावासा वाटतो. उदाहरणासाठी एक कादंबरी कल्पू. ती प्रत्यक्षात कोणी लिहिलेली नाही. चारशे पानांच्या या कादंबरीत चंद्र पृथ्वीपासून हळूहळू दूर सरकू लागतो आणि त्याचा पहिला सुगावा विजयदुर्गच्या खाडीकाठच्या लोकांना लागतो. तिच्यात पाच निवेदक आहेत आणि तीन काळ आहेत: १८९८ मधील सूर्यग्रहणाच्या निरीक्षकांचा तळ, आजचा काळ आणि २१४० साल. शिवाय चांद्रगतीवर दोन प्रकरणे आहेत, आणि चंद्राला कोण ढकलत आहे याचा उलगडा अगदी शेवटी होतो.

हक्क आधी, पटकथा नंतर

हा भाग रूक्ष आहे, पण तो टाळून लिहिलेली पटकथा कपाटातच राहते. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मराठी विज्ञानकथा बहरली ती मुख्यतः १९७० नंतर, त्यामुळे तिचा जवळजवळ सगळा ऐवज अजून हक्काधीन आहे. जयंत नारळीकर २०२५ मध्ये गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क २०८५ अखेरपर्यंत राहील. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीनिशीच व्हावे लागते. त्याच कायद्याच्या कलम १९ मधील काही गोष्टी नवख्यांना अडचणीत आणतात: करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो, आणि वेगळे नमूद केलेले नसेल तर एका वर्षात हक्क न वापरल्यास हस्तांतरण आपोआप संपुष्टात येते. विज्ञान कादंबरीची पटकथा वर्षभरात पूर्ण होऊन चित्रीकरणही सुरू होईल अशी आशा कोणी बाळगू नये, म्हणून मुदत स्पष्ट लिहून घ्यावी.

लेखकाच्या परवानगीने बदल करता येतात, पण कलाकृतीचा विपर्यास झाल्यास कलम ५७ खाली लेखकाला दाद मागता येते. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या कादंबरीवरून केलेल्या चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये याच मुद्द्याचा ऊहापोह केला होता. कोणता निवेदक गाळणार, कोणता काळ वगळणार, शेवट बदलणार की नाही, हे लेखकाशी किंवा वारसांशी आधीच बोलून टिपणात घ्यावे. लेखक नाराज झाला म्हणजे चित्रपट फसला असे मात्र समजू नये. पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम यांना त्यांच्या १९६१ च्या 'सोलारिस' या कादंबरीवरून रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कींनी १९७२ मध्ये केलेला चित्रपट पसंत नव्हता, तरीही तो आज जगभर अभ्यासला जातो.

नियम शोधणे

कादंबरी पहिल्यांदा वाचताना हातात पेन घेऊ नये. दुसऱ्या वाचनात प्रत्येक प्रसंगासाठी एक कार्ड करावे आणि त्यावर तीनच गोष्टी लिहाव्यात: कोण काय करते, त्यामुळे काय बदलते, आणि हे समजण्यासाठी वाचकाला कोणती वैज्ञानिक माहिती ठाऊक असावी लागते. तिसऱ्या ओळीकडे लक्ष द्यावे. दोनशेच्या आसपास कार्डे झाली की एक गोष्ट आढळते, ती म्हणजे बहुतेक कार्डांवर तीच तीन-चार वाक्ये फिरून फिरून येतात. त्यांतले जे वाक्य काढून टाकल्यावर सर्वाधिक कार्डे निरर्थक होतात, तो कादंबरीचा नियम.

आपल्या उदाहरणात लेखकाने गुरुत्वाकर्षण, कक्षीय गती, परग्रहावरील यंत्रणा आणि समुद्रविज्ञान यांविषयी पुष्कळ लिहिले आहे, पण कार्डांवर पुन्हा पुन्हा येणारे वाक्य साधे आहे: पाण्याची वेळ चंद्र ठरवतो, आणि चंद्र आता वेळ पाळत नाही. बाकीचे ज्ञान या वाक्याचे समर्थन आहे. चंद्राला कोण ढकलते हा कादंबरीत रहस्याचा भाग आहे खरा, पण ते उत्तर अर्धवट ठेवले तरी खाडीकाठच्या माणसांची कथा चालते; पाण्याच्या वेळेचे वाक्य काढले तर एकही प्रसंग उरत नाही. नियम निवडताना रहस्य आणि नियम यांची गल्लत होणे ही पहिल्या मसुद्यातली सर्वांत सार्वत्रिक चूक आहे, कारण रहस्य वाचकाला अधिक आठवते.

नियम मिळाला की तो खऱ्या शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहावा, आणि त्यासाठी महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांपाशी एक दुपार बसावे. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, कारण चंद्र पृथ्वीभोवती फिरत असताना दिवसाकाठी तेवढा पुढे सरकलेला असतो आणि त्याला गाठायला पृथ्वीला तेवढा अधिक वेळ लागतो. चंद्र दूर गेला की त्याची प्रदक्षिणा लांबते. साडेएकोणतीस दिवसांचा चांद्रमास जर ३७ दिवसांचा झाला, तर रोजचा फरक ५० ऐवजी ४० मिनिटांवर येईल. खरा चंद्रही दूर जातच आहे, फक्त वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर या गतीने. अपोलो मोहिमांनी तिथे ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर किरण पाठवून हे मोजले गेले आहे. कादंबरीने या गतीला अफाट वेग दिला आहे. हे सगळे पटकथेत यायचे नाही, पण पटकथाकाराला ते इतके पक्के माहीत असावे की कोणत्या दिवशी पाणी किती वाजता कुठे असेल हे त्याला न चुकता सांगता यावे.

नियम कामातून दाखवणे

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना भरतीची वेळ काढायला तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. ठिकाणानुसार तीत थोडा फरक पडतो, एवढेच. तृतीयेला तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमाराला भरती आणि सकाळी आठच्या सुमाराला पुरी सुकती (ओहोटी). पाऊणकीचा पाढा आणि भिंतीवरचे कॅलेंडर या दोन वस्तूंमध्ये आपल्या कादंबरीचा संपूर्ण नियम सामावलेला आहे, कारण कॅलेंडर आधी छापलेले असते आणि चंद्र मागे पडला की छापील तिथी व आकाशातली तिथी यांची फारकत होते. छापील तृतीयेला खरा चंद्र द्वितीयेच्या जागी असेल, तर भरती सव्वादोनऐवजी दीडला येईल आणि पाणी तेवढेच लवकर चढू लागेल.

कादंबरीत हा भाग शास्त्रज्ञ निवेदिकेच्या तोंडी येतो. ती दोन पानांत चांद्रमासाची व्याख्या देते, खाडीच्या मुखाशी बसवलेल्या मापकाच्या नोंदी सांगते आणि शेवटी निष्कर्ष काढते की भरती छापील तक्त्यातल्या वेळेच्या आधी येत आहे. वाचायला ते उत्तम आहे. पटकथेत त्याच दोन पानांच्या जागी खालील दृश्य येऊ शकते.

बाह्य. खाडीचे पात्र. सकाळ.

ओहोटीने उघडा पडलेला चिखल. पाच-सहा बायका वाकून मुळे (खाडीतले शिंपले) काढत आहेत. मध्यभागी एक सखल कातळ, त्यावर भरलेल्या टोपल्या ठेवलेल्या. कातळाच्या कडेला पाण्याची जुनी, काळी रेघ.

म्हातारी (बोटांच्या पेरांवर मोजत): आज तीज. तीन पाऊण सव्वादोन. आठाक पुरी सुकती. तवसर काडा.

बायका पुन्हा वाकतात. बराच वेळ फक्त चिखलात हात घालण्याचा आवाज. मग एका तरुणीचे लक्ष जाते.

तरुणी: काकी, टोपली खंय गेली?

टोपली कातळापासून हातभर अंतरावर तरंगते आहे. म्हातारी रेघेकडे पाहते. रेघ दिसत नाही.

म्हातारी: पाणी चढता हा गो. आठ वाजूक नाय अजून.

कोणी धावत नाही. सगळ्या बायका हातातले काम थांबवून म्हातारीकडे पाहतात. म्हातारी पुन्हा बोटे मोजू लागते.

या दृश्यात कोणीही चंद्राचे नाव काढत नाही. प्रेक्षकाला पाऊणकी येत नसली तरी इतके कळते की या बाईचा हिशेब आयुष्यभर चुकलेला नाही आणि आज चुकला आहे. पुढे शास्त्रज्ञ नायिकेने मापकाची नोंद दाखवली की प्रेक्षक तिच्या आधीच तिथे पोहोचलेला असतो. दृश्याचा क्रम उलटा केला, म्हणजे आधी प्रयोगशाळा आणि मग खाडी असा ठेवला, तर म्हातारी केवळ उदाहरण बनून राहते आणि दृश्यातला ताण निघून जातो.

हाच नियम दुसऱ्यांदा दाखवायचा असेल तेव्हा वेगळे काम निवडावे. संकष्टीचा उपास धरलेली घरातली माणसे चंद्रोदयाची छापील वेळ पाहून अंगणात येतात आणि चंद्र आधीच वर आलेला असतो, कारण छापील चतुर्थीला खरा चंद्र अजून तृतीयेवर आहे. एवढ्या दृश्याला संवादही नकोत. इथे एक बारीक गोष्ट सांभाळावी: कोकणात चंद्र सड्यामागून, डोंगराच्या बाजूने उगवतो आणि समुद्रात मावळतो. तो समुद्रातून उगवलेला दाखवला, तर नियमाच्या बाबतीत इतकी काळजी घेतलेल्या चित्रपटावर गावातलेच लोक पहिल्या खेळाला हसतील.

प्रेक्षकाला आधी काय माहीत आहे

सिंधुदुर्गातला दशावतार हे रूपांतराचे आपल्या परिचयाचे उत्तम उदाहरण आहे. पुराणातले आख्यान रात्रभर सादर होते आणि त्याची लिखित संहिता नसते. प्रयोगापूर्वी कथाभाग आणि भूमिका वाटून घेतल्या जातात आणि संवाद नट रंगमंचावर उत्स्फूर्तपणे बोलतात. हे शक्य होते कारण प्रेक्षकाला आख्यान ठाऊक असते. राजा कोणाचा पुत्र, राक्षसाला कोणता वर मिळालेला, हे सांगावे लागत नाही, म्हणून नटाला एका प्रसंगावर तासभर रेंगाळता येते आणि दुसरा प्रसंग दोन वाक्यांत उरकता येतो.

रंगमंचावरून आलेल्या लेखकाचा हात याच सवयीने तयार झालेला असतो आणि विज्ञान कादंबरी तिथेच त्याला अडवते. इथे राक्षसाचा वर आधी कोणालाच माहीत नाही. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत प्रेक्षकाला नवे आख्यान द्यायचे आहे आणि तेही त्याला शिकवल्यासारखे न वाटता. त्यामुळे या भागात नव्या पात्रांची गर्दी करू नये, दुसरा वैज्ञानिक नियम आणू नये आणि कालखंडही बदलू नये. एकदा नियम पक्का बसला की मग मात्र दशावतारातली मोकळीक परत मिळते: उत्तरार्धात म्हातारीने नुसती बोटे मोजायला सुरुवात केली तरी प्रेक्षागृहात शांतता पसरेल.

मनातले बोलणे

विज्ञान कादंबऱ्यांत पात्रे सतत मनाशी तर्क करत असतात आणि तो तर्क पडद्यावर कसा आणावा हा प्रश्न मोठमोठ्यांनाही सुटलेला नाही. फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ च्या 'ड्यून' या कादंबरीत जवळजवळ प्रत्येक संभाषणाच्या मागे पात्रांचे विचार चालू असतात. डेव्हिड लिंच यांनी १९८४ च्या चित्रपटात ते विचार कुजबुजत्या आवाजात ऐकवले आणि संपूर्ण कादंबरी १३७ मिनिटांत बसवली. परिणामी प्रेक्षक ऐकण्यातच गुंतून राहिला. डेनी व्हिलनव्ह यांनी २०२१ आणि २०२४ मध्ये त्याच एका कादंबरीचे दोन चित्रपट केले, अनुक्रमे १५५ आणि १६६ मिनिटांचे, आणि मनातले बोलणे जवळपास सगळे काढून टाकले. आई आणि मुलगा बोटांच्या खुणांनी बोलतात, नजरा बोलतात, आणि जे यांतून सांगता येत नाही ते सांगितलेच जात नाही. 'ब्लेड रनर' च्या १९८२ च्या आवृत्तीत नायकाचे निवेदन होते, ते १९९२ च्या दिग्दर्शकीय आवृत्तीत काढले गेले. दोन्ही आवृत्त्या एकामागून एक पाहिल्या तर निवेदन काय देते आणि काय हिरावून घेते हे कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक स्पष्ट होते.

माझे मत निवेदनाच्या विरुद्ध आहे, पण एक अपवाद मानावा लागतो. निवेदन करणारे पात्र जर प्रेक्षकाला चुकीची समजूत करून देत असेल आणि ती समजूत मोडणे हाच कथेचा भाग असेल, तर निवेदन हे दृश्याइतकेच काम करते. एरिक हाइसरर यांनी टेड चँग यांच्या १९९८ च्या दीर्घकथेवरून २०१६ च्या 'अरायव्हल' ची पटकथा लिहिताना हेच केले. आपण मागचे ऐकत आहोत असे प्रेक्षकाला वाटत राहते आणि उत्तरार्धात ती समजूत उलटते. मूळ कथेत प्रकाशाच्या मार्गाविषयीचे फर्माचे तत्त्व बरेच सविस्तर आहे. चित्रपटाने ते सोडून दिले आणि त्याऐवजी परग्रहवासीयांची वर्तुळाकार लिपी डोळ्यांसमोर ठेवली, जिला सुरुवात आणि शेवट नाही. नियम तोच राहिला, आणि तो सांगणारी वस्तू मात्र डोळ्याला दिसणारी निवडली गेली.

आपल्या कादंबरीच्या पाच निवेदकांपैकी म्हातारी आणि शास्त्रज्ञ नायिका या दोघी ठेवाव्यात, आणि तिघांची उपयुक्त कामे त्यांच्यात वाटून टाकावीत. पत्रकार निवेदक कादंबरीत फार लोभस आहे, पण तो फक्त प्रश्न विचारतो. हे काम नायिकेची गावातली मावशी चहा देताना करू शकते.

तीन काळांपैकी कोणता

पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, हा व्यवसायातला रूढ ठोकताळा आहे. दोन तासांच्या चित्रपटाला १२० पाने मिळतात आणि त्यांवर संवाद व कृती विरळ मांडलेली असते. चारशे पानांची दाट कादंबरी त्यांत मावत नाही. तीन काळ समान वाटून घेतले तर प्रत्येकाला चाळीस पाने येतात आणि तिन्ही उपाशी राहतात. त्यामुळे एक काळ मुख्य करावा, दुसरा त्याला काही तरी पुरवणारा असावा आणि तिसरा सोडावा.

२१४० चा भाग सोडावा, असे माझे मत आहे. भविष्यातले शहर उभे करण्याचा खर्च हे त्याचे दुय्यम कारण आहे. मुख्य कारण असे की प्रेक्षकाने भविष्यकाळ पाहिला की आजच्या काळातली अनिश्चितता संपते. १८९८ चा भाग थोडक्यात ठेवावा, कारण त्याला भक्कम ऐतिहासिक आधार आहे: २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला येऊन राहिले होते. इथे रूपांतरकाराने एक दक्षता घ्यावी. हेलियमचा शोध विजयदुर्गच्या किल्ल्यावरून लागला असे गावोगाव सांगितले जाते आणि ते सांगताना लोकांना अभिमान वाटतो. नोंदी वेगळे सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन यांनी निरीक्षण केले ते गुंटूरहून, आणि लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रहणाविनाच सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा पाहिली ती इंग्लंडमधून. चित्रपटातल्या एखाद्या पात्राने लोकसमजूत बोलून दाखवायला हरकत नाही. परंतु पडद्यावरची पाटी किंवा नायिकेचे संशोधन तिच्यावर उभारले, तर कल्पित भागावरचाही विश्वास उडतो. विज्ञान कथेत खोटे एकच आणि ठरवून बोललेले असावे लागते.

याच कारणासाठी राजापूर आणि रत्नागिरी परिसरातल्या कातळशिल्पांना परग्रहवासीयांची लिपी ठरवण्याचा मोह आवरावा. बारसू, कशेळी, देवाचे गोठणे आणि सिंधुदुर्गातल्या कुडोपी इथल्या आकृती माणसांनी कोरल्या आहेत आणि हा वारसा २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. ज्यांनी त्या कोरल्या त्यांचे श्रेय अज्ञात पाहुण्यांना देणे हे आळशी कथानक तर आहेच, शिवाय त्यासाठी सड्यावर जीपगाड्या आणि दिव्यांचे खांब नेले की जांभ्यावरच्या रेषांची हानी होते.

नियम मोडणारी लाट

निर्माता पटकथा वाचून बहुधा एकच प्रश्न विचारतो: शेवटी मोठी लाट येते ना? समुद्र, चंद्र आणि संकट हे तीन शब्द एकत्र आले की सर्वांच्या डोळ्यांसमोर किल्ल्याच्या बुरुजांवरून उसळणारे पाणी उभे राहते. कथेच्या नियमानुसार हे अशक्य आहे. भरती निर्माण करणारा चंद्राचा प्रभाव अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. वर सांगितल्याप्रमाणे चांद्रमास ३७ दिवसांचा व्हायचा तर चंद्र आजच्या सरासरी ३,८४,४०० किलोमीटरांपेक्षा सुमारे १५ टक्के दूर जायला हवा, आणि तेवढ्या अंतरावर त्याच्यामुळे येणाऱ्या भरतीचा जोर जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतो. या कथेत पाणी वेळेआधी येते, पण दर महिन्याला थोडे कमी येते.

हे निर्मात्याला समजावताना गणित पुढे करू नये, दृश्य पुढे करावे. उधाणाच्या दिवशी जिथपर्यंत पाणी यायचे ती खाजणे कोरडी राहतात. खाडीच्या आतल्या जेटीला होडी लागत नाही. ती गाळात कुशीवर कललेली आहे आणि तिच्याभोवती माणसे उभी आहेत. मुळे मिळतात, पण मेलेली. लाटेच्या एका संगणकीय दृश्याला जो खर्च येईल त्याच्या अंशात ही सगळी दृश्ये खऱ्या ओहोटीत चित्रित होतात, आणि पाणी न येण्याची भीती किनाऱ्यावरच्या प्रेक्षकाला अधिक नेमकी कळते. नियमाने एखादे भव्य दृश्य नाकारले की त्याच्या जागी काय येते हे शोधण्यात रूपांतरकाराची खरी कसोटी लागते. तिथे तडजोड केली तर पहिल्या खाडीच्या दृश्याची मेहनत वाया जाते.

चित्रीकरण पाण्याच्या वेळेने

वरचे मुळ्यांचे दृश्य सकाळच्या कोवळ्या उन्हात आणि पुऱ्या सुकतीत हवे आहे. सकाळी सात-आठला तळाची ओहोटी येते ती पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत, आणि रोज ती सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, म्हणजे चौथ्या दिवशी त्याच पाण्याला कडक ऊन असते. एखादा भाग राहून गेला तर तेच पाणी आणि तोच प्रकाश पुन्हा जुळायला साधारण पंधरवडा थांबावे लागते. म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते आधी घ्यावेत, वेळापत्रक त्यांवर आखावे आणि नटांच्या तारखा त्यानंतर मागाव्यात. हे क्रमाने केले नाही तर संकलनाच्या वेळी एकाच दृश्यातल्या दोन शॉटांत पाण्याची रेघ जुळत नाही, आणि जिथे पाण्याची रेघ हाच पुरावा आहे अशा कथेत ती चूक झाकता येत नाही.

पावसाळ्यात खाडीचे चित्रीकरण बहुतांशी अशक्य असते, पण १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या होड्यांची दृश्ये तेव्हाच मिळतात. विजयदुर्ग किल्ल्यात काम करायचे तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. पुळणीवर लाटांचा आवाज संवादांवर सतत चढतो, त्यामुळे महत्त्वाची संभाषणे खाडीच्या आतल्या बाजूला किंवा घराच्या पडवीत ठेवणे सोयीचे पडते.

बोलीविषयी थोडे. देवगडची म्हातारी मालवणी बोलेल, संगमेश्वरची वेगळी बोलेल आणि अलिबागकडची आगरी किंवा कोळी ढंगाने बोलेल. एकाच चित्रपटात या बोलींची सरमिसळ झाली की नियमाइतकेच पात्रही खोटे वाटते. संवाद लिहून झाल्यावर ते त्याच गावातल्या कोणाकडून बोलवून घ्यावेत आणि त्यांनी बदललेले शब्द तसेच ठेवावेत. शास्त्रज्ञ नायिकेने मात्र घरी बोली आणि कामाच्या ठिकाणी प्रमाण मराठी बोलावी. तिने म्हातारीला पहिल्यांदा प्रमाण मराठीत समजावायला जाणे आणि दुसऱ्यांदा मालवणीत विचारायला जाणे, एवढ्यात तिचा संपूर्ण प्रवास दिसू शकतो.

पटकथा ऐकवणे

दुसरा मसुदा झाल्यावर तो कादंबरी न वाचलेल्या पाच-सहा जणांना मोठ्याने वाचून दाखवावा. त्यांत एखादा खाडीत होडी चालवणारा, एखादी शाळेतली शिक्षिका आणि एखादा दहावीतला मुलगा असावा. कादंबरीचे चाहते या बैठकीला बोलावू नयेत, कारण पटकथेत नसलेली माहिती ते मनातून भरून काढतात. वाचन संपल्यावर मत विचारण्याऐवजी गोष्ट परत सांगायला सांगावे. सांगताना माणूस जिथे अडखळतो, तिथे नियम पोहोचलेला नाही; जिथे तो स्वतःहून काही जास्तीचे रचून सांगतो, तिथे पटकथेने रिकामी जागा ठेवली आहे; आणि जे प्रसंग कोणाच्याच सांगण्यात येत नाहीत, ते कितीही आवडते असले तरी तिसऱ्या मसुद्यातून काढावेत. होडीवाल्याने पाण्याच्या वेळेत एखादी चूक काढली, तर ती तक्त्याशी ताडून पाहावी आणि मगच प्राध्यापकांना फोन करावा.